भासऱ्यांनी एकदाच घेतलेलं नाव

“इनमें कौतिकाबाई कौन है?”

जीप वाळूत रुतली म्हणून साहेब उरलेलं अंतर पायी चालत आले होते. बुटात वाळू, हातात झेरॉक्सचे इंग्रजी कागद. संक्रांत नुकतीच झाली होती. पैनगंगेच्या कोरड्या पात्रात इकडे आमच्या काठाच्या बायका बसल्या होत्या, तिकडे महाराष्ट्राच्या काठाच्या, आणि मधे मी, हातात काठी घेऊन. टरबुजाच्या वाड्या लावायला वाळूची वाटणी चालली होती. त्या वाटणीत आजवर सरकारी माणूस आला नव्हता. बाहेरच्या माणसाने आमच्यापैकी कुणाचं नावही घेतलं नव्हतं.

“मी आहे,” मी म्हटलं. “काऊन?”

साहेब खूश झाले. तेलुगू माणूस, तरुण, महसूल खात्यात नवीन. “अम्मा, आप तो मशहूर हो,” म्हणाले. त्यांनी शेवटचं पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि आधी इंग्रजीत वाचलं, मग आम्हाला कळावं म्हणून हिंदीत सांगितलं. तिथे छापलं होतं की लेखक पैनगंगेच्या काठच्या अमुक गावातल्या कौतिकाबाईंचे आभारी आहेत, कारण नदीच्या पात्राची वाटणी कशी होते ते त्यांनी समजावून दिलं.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा छापलं गेलं तेवढं पुरे.

“अंदर पूरे लेख में गाँव का नाम झूठा है,” साहेब हसून म्हणाले. “आखिर में सच्चा डाल दिया. इसी से पता चला.”

मग त्यांनी कामाचं काढलं. पात्रातल्या वाळूचा हर्रास, म्हणजे लिलाव, करायचा होता. त्याआधी वाळूवर कुणाचा कब्जा आहे का ते तपासून कळवायचं होतं. “कागद है? पट्टा? पावती?”

बायका माझ्या काठीकडे बघू लागल्या.

“नहीं है. लेख में भी यही लिखा है. ये औरतें कागद रखती नहीं, हर साल नए सिरे से बाँटती हैं.” त्यांना यात वाईट काही वाटत नव्हतं. शिकलेला धडा बरोबर निघाल्यावर मुलाचं तोंड होतं तसं त्यांचं झालं होतं. ते म्हणाले, हा लेख आम्हाला विद्यापीठात अभ्यासाला होता, लिहिणारे सर माझे गुरू.

पलीकडून यमुना उठली. यमुना माझ्या माहेरची. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो. ती म्हणाली, “कौतिके, यायले तू सांगितलं?”

“म्या नाही.”

“मंग तुयं नाव काय यायच्या सपनात आलं?”

मी तोंड उघडेपर्यंत पलीकडच्या बायका लुगडी झटकून उभ्या राहिल्या होत्या. वाटणी अर्धीच राहिली. त्यानंतर ती कधी झाली नाही. चैतात त्या वाळूत टरबुजांऐवजी ट्रक उभे होते.

तो लेख माझ्या भासऱ्यांचा होता.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांचं नाव मी घेत नाही, आजही नाही. आमच्यात धाकट्या भावजयीने भासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याने तिचं घ्यायचं नाही. समोरासमोर बोलायचंही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हैदराबादला शिकत होते. मग दिल्लीला गेले, परदेशी जाऊन आले आणि हैदराबादच्या विद्यापीठात प्रोफेसर झाले. विषय देशादेशांतले संबंध. कोणी कोणाशी तह केला, कोणी मोडला, लढाई का लागते आणि का टळते. सासूबाईंना कुणी विचारलं की मोठा काय करतो, तर त्या सांगायच्या, “पोराइले भांडणं शिकवते.”

त्यांचं आयुष्य सांगायला मी बसले नाही. ते छापील आहे, फोटोसकट. मी चौथी शिकलेली. मी पाहिलं तेवढं सांगते.

उंच, किडकिडीत माणूस. गावात पाय ठेवला की हातातलं घड्याळ काढून खिशात टाकायचे. पॅन्ट खुंटीला, धोतर कमरेला. हात मागे बांधून चालायचे. चहा बशीतून प्यायचे आणि बशी स्वतः विसळून ठेवायचे. हे आमच्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याही पुरुषाने केलं नाही. येताना माझ्यासाठी काही आणलं असेल तर ते सासूबाईंच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “तिकडे दे.” तिकडे म्हणजे मी. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायचे.

भाजीत मीठ कमी पडलं की ते सासूबाईंना म्हणत, “माय, मीठ टाकायचं राह्यलं वाटते.”

सासूबाई मला म्हणत, “ऐकलं का वं?”

“आत्याबाई, ताटात डावीकडे वाढलं हाये म्हना.”

“डावीकडे हाये रे.”

एकदा सासूबाई वैतागल्या. “मी काय पोस्टमन हावो? कान नाहीत का तुमाले?” पण रीत मोडा असं त्या म्हणाल्या नाहीत.

एके दिवशी सासूबाई शेतात होत्या आणि घरात आम्ही दोघंच. भासऱ्यांना आदिलाबादची बस गाठायची होती. त्यांनी घसा खाकरला आणि ओसरीच्या खांबाला म्हणाले, “खांबा, मले निघा लागते. डबा झाला असंन तर बरं.” मी चुलीपाशी होते. तिथे मांजर बसलं होतं. मी म्हटलं, “मांजरी, डबा केव्हाचा भरून ठेवला हाये, ज्याले न्यायचा त्यानं न्यावा.” ते इतके हसले की खाली बसले. मग डोळे पुसत त्यांनी खांबाला समजावलं की ज्या देशांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे ते असंच बोलतात, मधे तिसरा देश घालून. “खांबा, तुया दर्जा मोठा हाये. तू आता राजदूत.”

हे मला आवडलं होतं. पुढे काय झालं म्हणून आता ते आवडलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

सुट्टीत आले की संध्याकाळी ओसरीवर माणसं जमायची. भासरे जमिनीवर धान्य मांडून जग समजावून सांगायचे. ज्वारीचा ढीग रशिया, तुरीचा अमेरिका, मधे थोडे तीळ, ते आपण. ज्वारीचे दाणे इकडून तिकडे सरकवत कोण कुणाला का भितो ते सांगायचे. एकदा ते ऐन रंगात आले असताना मागून कोंबडी आली आणि तूर खाऊन गेली. माझे मालक म्हणाले, “भाऊ, रशिया न लढता जिंकला.” भासरे म्हणाले, “असंच होते. दोघं एकमेकाइकडे पाहत राह्यतात, अन् कोंबडीकडं कोणाचं ध्यान नसते.” त्यांचं एक बोलणं गावात अजून चालतं: हद्द सरकवता येते, शेजारी सरकवता येत नाही.

पण त्यांचा जीव होता तो एकाच गोष्टीत. आपल्या लेखाचं नाव कोण घेतो.

मला हे कळायला वर्षं लागली. त्यांच्या धंद्यात माणसाने काय लिहिलं यापेक्षा, त्याने लिहिलेलं दुसऱ्यांनी आपल्या लिखाणात किती जागी सांगितलं, यावर त्याची किंमत ठरते. अमक्याने असं म्हटलं आहे, म्हणून खाली त्याचं नाव. ते नाव आलं की माणूस जिवंत. म्हणून ते कुठलंही पुस्तक मागून उघडत. मागे नावं छापलेली असतात. बोट वरून खाली फिरवत जायचे. बोट थांबलं की चेहरा उजळायचा, आणि मग पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे. बोट थांबलं नाही तर पुस्तक उशाखाली.

परदेशातून त्यांना छापील कार्डं येत, तुमच्या लेखाची प्रत पाठवा म्हणून. गावी आले की ती कार्डं सोबत असत. सासूबाईंना एकेक दाखवायचे. हे जर्मनीचं, हे मेक्सिकोचं. सासूबाई तिकिटावरचं चित्र बघायच्या आणि म्हणायच्या, “पाखरू चांगलं हाये.”

लग्नाची पत्रिकासुद्धा ते खालून वाचत. गावातल्या एका लग्नाच्या पत्रिकेत आमच्या मालकांचं नाव होतं, यांचं नव्हतं. नजरचूक झाली होती, दुसरं काही नव्हतं. भासरे त्या लग्नाला गेले, जेवले, आहेर केला आणि घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, “संदर्भ चुकला त्यायचा.” संदर्भ म्हणजे काय हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं.

एका दिवाळीला ते आले ते जेवेनातच. अंगणात येरझारा. दिल्लीतल्या कोण्या मोठ्या माणसाने पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात यांचा एक विचार नाव न घेता वापरला होता.

“चोरी हाये ही, माय.”

“काय नेलं?”

“विचार नेला.”

“मंग तुयापाशी नाही राह्यला तो?”

“राह्यला. पण तो माया हाये असं आता कोण म्हनंन?”

“म्या म्हनीन न.”

ते थांबले आणि आईकडे बघत राहिले. त्या रात्री जेवले. पण त्यांना आईचं म्हणणं पुरलं नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

आता वाळूचं सांगते.

पैनगंगेच्या अलीकडे आंध्र, पलीकडे महाराष्ट्र. सरकारी हद्द पाण्याच्या मधून जाते. पण पाणी दर पावसाळ्यात जागा बदलतं. यंदा इकडे असलेली वाळू पुढच्या वर्षी तिकडे गेलेली असते. पुरुषांनी त्यावर डोकी फोडली, निजामाच्या काळापासून. बायकांनी निराळं केलं. ज्या बाईचं माहेर एका काठाचं आणि सासर दुसऱ्या काठाचं, अशी एक बाई मधे बसवायची. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींशी बोलायचं नाही, जे काय ते मधलीला सांगायचं. शिव्या द्यायच्या त्याही तिलाच. सगळं ऐकून ती उठते आणि काठीने वाळूत रेघा ओढते. मग कुणी बोलायचं नाही. वाडी त्या वर्षापुरती. कागद नाही, कारण कागद झाला की तो कचेरीत जातो, आणि कचेरीत गेलेली जमीन बायकांच्या हातात राहत नाही. घरोघरी हे सगळ्यांना माहीत होतं. चोरून काही नव्हतं. फक्त लिहायचं नाही, एवढंच.

उन्हाळ्याचे चार महिने कितीतरी घरं त्या वाळूवर चालत. टरबूज, खरबूज, काकडी. खड्डा खणायचा, शेणखत घालायचं, घागरीने पाणी. जैनथच्या बाजारात आमची टरबुजं आली की दुसऱ्यांची कोणी घेत नसे. तो पैसा बायकांचा असे. नवऱ्याने मागितला तर रेतीत शोध म्हणायचं.

मधली बाई आमच्या सासूबाई होत्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा दोन्ही काठांनी मला बसवलं. माझंही माहेर पलीकडचंच. मी कुणाची भीड धरत नसे. यमुनेला एकदा मी निवडुंगाच्या बाजूची वाईट वाळू दिली, तर वर्षभर ती मला “ओ तहसीलदारीणबाई” म्हणून हाक मारायची.

त्याच उन्हाळ्यात भासरे ओसरीवर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, “माय, वाळूचं सगळं समजून घ्यायचं हाये मले.”

सासूबाई मधे बसल्या. भासरे त्यांना विचारत, त्या मला विचारत, मी त्यांना सांगत असे. बरेच दिवस चाललं. भासरे वेड्यासारखे खूश होते. म्हणायचे, “माय, सारं जग तह लिहून मोडते, अन् तुमी न लिहून पाळता.” मधली बाई दोघांचीही असावी लागते आणि दोघांनाही थोडी परकी असावी लागते, हे त्यांनी तेव्हाच पकडलं. मग मी सासूबाईंना म्हटलं, “छापणार असंन तर आपल्या गावाचं नाव नको म्हना. कागदावर गेलं तर कचेरीत जाईन.”

भासऱ्यांनी आईच्या पायाला हात लावला. “नाही येणार. शब्द देतो.”

ते छापून आलं आणि त्यांचं नशीब उघडलं. त्यांनी आधी लिहिलेली जाडजाड पुस्तकं होती, लढायांची, तहांची. ती मागे पडली. जो तो हाच लेख सांगू लागला. कार्डांची संख्या वाढली, परदेशची बोलावणी आली. विद्यापीठाने त्यांचा सत्कार केला तेव्हा आम्ही नवराबायको हैदराबादला गेलो. मागच्या रांगेत बसलो. एक पाहुणे उठून मराठी-हिंदीत म्हणाले की जगात कुठेही दोन देशांच्या मधल्या नदीवर कोणी लिहायला बसला, तर त्याला या लेखाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी कधी न ऐकलेल्या नद्यांची नावं त्यांनी घेतली. मला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू? आमच्या वाळूत उगवलेलं एवढ्या लांब गेलं, असं वाटलं.

माणूस वाईट नव्हता. माझ्या मालकांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला आपल्या पलंगावर झोपवलं आणि स्वतः खाली झोपले. ते मी विसरले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

ट्रक आले त्याच महिन्यात ते गावी आले. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मधे बसायला कुणी नव्हतं. मी पदर डोक्यावरून घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मालक म्हणाले, “अवं, काय करून राह्यली?” मी ऐकलं नाही.

“तुमी शब्द देल्ला होता.”

भासऱ्यांनी आधी भावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी मला सरळ पाहिलं ते तेव्हा.

“लेखात गावाचं नाव नाही,” ते म्हणाले. “मी बदललं होतं.”

“शेवटी हाये. मायं बी हाये.”

“ते आभार आहेत.”

“कोणी मागले होते?”

“आभार मागायचे नसतात. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव न घालता छापायचं म्हणजे चोरी. ती मी कशी करू? मी जन्मभर दुसऱ्यांना त्याच्यासाठी शिव्या घातल्या.” त्यांचा आवाज खरा होता. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझा मान राखला.

“मंग आत्याबाईचं काऊन नाही घातलं? काठी त्यायची होती. म्या त्यायच्याजोळून शिकली.”

ते धोतराचा सोगा नीट करू लागले. मी हलले नाही. शेवटी खाली बघून म्हणाले, “घरच्या माणसाचं ऐकून लिहिलं, तर आमच्यात त्याला वजन नसतं.”

“म्हंजे मी घरची नाही.”

“तुमचं आडनाव लिहिलं नव्हतं. नातं कुणाला कळलं नसतं.”

माझे मालक तोवर भावाच्या बाजूने उभे होते. हे ऐकून ते ओसरीची पायरी उतरून अंगणात गेले. मी उभीच राहिले. नाव फुटलं याचं मला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. जिथे नाव घ्यायचं नाही तिथे घेतलं, आणि जिथे नातं सांगायचं तिथे लपवलं. कागदावर मी कोणीतरी परक्या गावातली बाई होते, यांना वाटेत भेटलेली.

मी म्हटलं, “झालं ते झालं. ट्रक आता मागं जात नाहीत. मायं एवढं करा. माया संगं पलीकडं चला. यमुनेले अन् सगळ्याइले सांगा का साहेबाले म्या सांगितलं नाही, तुमी छापलं. ह्या तोंडानं सांगा. मंग मी कधी काही मागणार नाही.”

“येतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून निघालेही. नदीच्या दरडीपर्यंत आम्ही गेलो. खाली पात्रात खणलेले खड्डे दिसत होते, त्यात पाणी साचलेलं. पलीकडे बायका कपडे धूत होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि धुणं थांबवलं. भासऱ्यांनी खाली उतरायला चपला काढल्या आणि पुन्हा घातल्या. मग म्हणाले, “माझ्या सांगण्याने काय होणार? मी कलेक्टरला लिहितो. त्याचा उपयोग जास्त आहे.” आणि वळले. वाटेत एकदाही मागे पाहिलं नाही. मी दरडीवर होते आणि यमुना खाली धुणाऱ्या बायकांत होती. तिने पाहिलं की प्रोफेसर आला आणि काही न बोलता परत गेला. तिने त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

कलेक्टरला त्यांनी लिहिलं असेल. काही झालं नाही.

माहेरी माझ्या भाच्याचं लग्न निघालं, मला पत्रिका आली नाही. भाऊ येऊन कानात सांगून गेला की बायका म्हणतात, ती आली तर आम्ही पंगतीला बसणार नाही. माझ्या काठाच्या बायकाही बदलल्या. विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. एक जण तोंडावर म्हणाली, “बाई, तुमच्यासमोर बोलाचं म्हंजे छापून याचं.” मी उलट उत्तर दिलं, मला येतं ते. पण त्यानंतर मी विहिरीवर कुणी नसताना, भर दुपारी पाण्याला जाऊ लागले.

पुढे काही वर्षांनी मालकांच्या औषधपाण्यासाठी हैदराबादला गेले होते. भासऱ्यांची मुलगी वसुधा कॉलेजात शिकवते. ती मला म्हणाली, “काकू, बाबांनी आपल्या नदीवर दुसरा लेख लिहिला. हा तर पहिल्यापेक्षा जास्त चालला.” मी म्हटलं, वाचून दाखव. ती मराठी करत वाचत गेली. पैनगंगेतली वाटणी कशी मोडली, यावर होता. वाळूचा बाजार, सरकारचा कायदा, शहरातली बांधकामं. बायकांचा आपसातला विश्वास कसा तुटला, यावर एक अख्खा भाग होता. विश्वास तुटल्यामुळे मधे बसणारी बाई कशी एकटी पडली, तेही होतं.

“त्या बाईचं नाव हाये?”

“नाही. नावं कुठलीच नाहीत.”

“अन् पहिल्या लेखाच्या शेवटच्या पानावर नाव छापलं, त्याचं काही?”

वसुधाने पुढची पानं चाळली, मागची चाळली. हुशार मुलगी आहे. पुस्तक मिटून तिने बाजूला ठेवलं आणि चहा टाकायला उठली.

माझं माहेर गेलं. यांना त्याचा दुसरा लेख मिळाला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं तेही त्याच घरात, आंध्रापासून आमचं राज्य वेगळं व्हायच्या थोडं आधी. माझे मालक तोवर नव्हते. भासरे पार वाळले होते. खिडकीपाशी खुर्ची, समोर कॉम्प्युटर. आता मागून पुस्तकं उघडावी लागत नव्हती, कोण कुठे नाव घेतो ते यंत्रच मोजून दाखवत होतं. कालच्यापेक्षा आकडा वाढला की नाही ते रोज सकाळी बघत, असं वसुधा म्हणाली. मी दारात पिशवी घेऊन उभी होते, गावाकडच्या बसला निघालेली.

“यमुना आजारी हाये,” मी म्हटलं. आता मी सरळच बोलत असे. “अजून बी येळ हाये. गाडी करून जाऊ. तिच्या दारापर्यंत गाडी नेऊ, तुमी बसूनच सांगा.”

“पुढच्या महिन्यात,” ते म्हणाले. “थंडी कमी होऊ दे.” आणि पडद्याकडे वळले. बोट वरून खाली सरकत होतं. मी चप्पल घालेपर्यंत ते थांबलं नव्हतं.

पुढचा महिना त्यांना मिळाला, त्याच्या पुढचेही मिळाले. ते आले नाहीत. यमुना त्यांच्या आधी गेली. मला पलीकडून निरोप आला नाही, दूध घेऊन येणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. भासरे गेले तेव्हा इंग्रजी पेपरात फोटो आला, आणि लिहून आलं की त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. ते खरं आहे.

सासूबाई नाहीत, मालक नाहीत, यमुना नाही, ते नाहीत. वाळू नाही. मधे बसलेली बाई तेवढी आहे, ती मी.